झुंजाररावांची अंगठी

नव्या मोटारसायकलच्या ब्रेकपर्यंत माझी बोटं पोहोचेनात, आणि सोमवारपासून नोकरीसाठी रोज घाट उतरायचा होता. जवळ-लांब करता येणारे ब्रेकचे लिव्हर बसवा, म्हणून मी शोरूममध्ये आत काम करणाऱ्या मिस्त्री बशीरभाईंना दोनदा हाक मारली. पण मालक झुंजारराव गरजले, "काही बदलायचं नाही! कंपनीचं माप आहे. हात काय, सगळ्यांचे सारखेच!"

मी दचकले, तरी म्हटलं, "काका, मग तुमची अंगठी देता? घालून बघते."

त्यांनी हसत दिली. मी ती चक्क अंगठ्यात घातली आणि हात खाली केला. अंगठी ठणकन फरशीवर पडली.

"सारख्याच हातातून निसटली कशी हो? घाटात ब्रेक असाच निसटला तर?"

झुंजाररावांनी वाकून अंगठी उचलली आणि आतल्या दाराकडे मान हलवली. मी बशीरभाईंना पुन्हा हाक मारली.

"लिव्हर आणतो, ताई!" आतून बशीरभाई म्हणाले.