स्टुलावरून टाकलेला थेंब

"...म्हणजे हा विषाणू गुणसूत्रं गिळतो, असंच ना बाई?"

निरंजन साबडेनं विचारलं खरं, पण उत्तराची वाट बघतंय कोण! दुपारी सगळ्या संस्थेपुढे त्याचं पहिलं व्याख्यान होतं आणि हेच वाक्य तो ठणकावून सांगणार होता.

खोतबाई सूक्ष्मदर्शकात बघत होत्या. उभ्यानंच. या प्रयोगशाळेत केस पांढरे केलेल्या बाईंचं स्टूल या पठ्ठ्यानं कधीच पळवलं होतं.

"माणसाच्या पेशीत शेहेचाळीस हवीत," बाई म्हणाल्या. "इथे एकोणचाळीस."

"बघा! कातडीच्या पेशींत कॅन्सरचा विषाणू सोडला, की गुणसूत्रं गायब!"

"गेली कुठे?"

"गेली म्हणजे... गेली."

बाई हसल्या. "काचेवर थेंब कसा टाकतोस, दाखव बरं."

यात तर गडी उस्ताद! साध्या पेशींचा थेंब तो चारचौघांसारखा वीतभर उंचीवरून टाकी. त्यांच्यासाठी कोण चढणार? पण विषाणूवाल्या पेशी म्हटल्या की स्वारी स्टुलावर. तिथून थेंब सोडला की पेशी फुटून गुणसूत्रं अशी ऐसपैस पसरत, की बघत राहावं.

बाईंनी चिठ्ठीवर बोट ठेवून एका नळीतून ड्रॉपर भरून दिला. निरंजन चढला. थेंब टाकला, काच रंगवली, डोळा लावला.

"चाळीस! आणि ही... बेचाळीस! काय तडाखा आहे बाई विषाणूचा!"

बाईंनी नळीवरच्या चिठ्ठीवरचं बोट काढलं.

'साध्या पेशी. विषाणू नाही.'



निरंजनचा चेहरा खर्रकन उतरला. इतक्या उंचावरून आदळल्यावर गुणसूत्रं उडून जाणार नाहीत तर काय! महिन्यांची मेहनत, आणि दुपारी तोंड कुठे लपवायचं?

"बाई, माझं व्याख्यान बुडालं."

"विषाणूची नळी आण. खाली उभा राहून टाक."

त्यानं टाकला. मोजली. शेहेचाळीस. पुढच्या पेशीतही शेहेचाळीस.

"सगळी जागच्या जागी! विषाणूनं काहीच केलेलं नाही हो."

"मोजलंस. आता बघ."

तो बघत राहिला... आणि एकदम ओरडला.

"बाई, या एका गुणसूत्राला एका कंबरेऐवजी दोन कंबरा! दोन गुणसूत्रं तुटून एकमेकांना चिकटलीत. आणि हा शेजारी उरलेला तुकडा, म्हणून बेरीज बरोबर येत होती! हे काही थेंब आपटून होणार नाही!"

घाईघाईनं त्यानं साध्या पेशींचा थेंबही खालूनच टाकला. त्यात असलं काही नव्हतं. विषाणूच्या काचेवर मात्र अशी दोन कंबरांची आणखी दोन गुणसूत्रं सापडली. निरंजनला आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

"हेच सांगतो दुपारी! आणखी काय सांगू, बाई?"

"उतरलास ना खाली? मग दे माझं स्टूल."