न दुखणारं सैन्य

सैनिक तलवारीबरोबर मंत्रही जवळ बाळगत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका डोंगरी राज्यात एक मंत्रकार बाई राहत होती. सैन्यासाठी मंत्र घडवायचे, हे तिचं काम. तिरंदाजाला धुक्यातही दिसावं, घोड्याच्या टापा वाजू नयेत, पहारेकऱ्याचा डोळा लागू नये, असे ज्याचे त्याला मंत्र ती बेतून द्यायची, शिंपी अंगरखा बेततो तसे.

एकदा शेजारच्या राजाची फौज खिंडीपलीकडे येऊन थडकली. सेनापतीने बाईला बोलावलं.

"बाई, आमचे शिपाई शूर आहेत. पण जखम झाली की विव्हळतात, मागे फिरतात. त्यांना दुखणारच नाही असा मंत्र करा."

बाईने जिवाचं रान करून मंत्र घडवला. मंतरलेली राख आधी सेनापतीने स्वतःच्या कपाळी लावली, मग साऱ्या शिपायांनी. आणि सराव सुरू झाला. काय तो सराव! सेनापतीसह सारे शिपाई काट्याकुट्यांतून धावले, घोड्यांवरून पडले, खडकांवर आपटले आणि हसत हसत उठले. सेनापतीने खूश होऊन आपलं सोन्याचं कडं बाईला दिलं. बाईला धन्य धन्य वाटलं.

संध्याकाळी ती छावणीतून चालली होती. एक शिपाई घागर घेऊन समोरून गेला. त्याच्या मागे ओली पावलं उमटत होती. घागर गळतेय वाटतं, असं म्हणून बाई वाकली, तर ते रक्त होतं!

"अरे थांब! पायाला काय झालंय तुझ्या?"

"कुठं काय, बाई? काही दुखत नाही," तो म्हणाला. त्याच्या तळव्यात मोडलेल्या बाणाचं टोक रुतलेलं होतं.

बाई धावत वैद्यबुवांच्या राहुटीत गेली. वैद्यबुवा डोक्याला हात लावून बसले होते.

"मी एकेकाला विचारतोय, कुठं दुखतंय? जो तो म्हणतो, कुठंच नाही. आत हाड मोडलं असलं, तर मला कळावं कसं?"

बाई तशीच सेनापतीकडे गेली. "मंत्र उतरवायला हवा," ती म्हणाली.

"उद्या लढाई आहे आणि आज मंत्र उतरवता?" सेनापती कडाडला. "दुखलं नाही तर ते थांबणार नाहीत. मला तेच हवंय."

"थांबणार नाहीत, कोसळतील. आणि कोसळेपर्यंत त्यांचं त्यांनाही कळणार नाही."

"मंत्र उतरवलात, तर या राज्यात तुम्हाला पुन्हा काम मिळणार नाही. विचार करा."

बाई क्षणभर घुटमळली. गप्प राहिली असती, तर मान होता, सोनं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोरून ती लाल पावलं हलेनात. तिने कडं काढून सेनापतीपुढे ठेवलं, बाहेर येऊन मोठ्याने उताऱ्याचा मंत्र म्हटला.

मग एका कोपऱ्यातून आवाज आला, "आई गं!" पाठोपाठ दुसरा, तिसरा. बघता बघता सगळी छावणी विव्हळू लागली. वैद्यबुवा लेपाचं भांडं घेऊन पळत सुटले. "ओरडा रे बाबांनो, ओरडा! आलोच मी!"

इतक्यात सेनापतीही कूस धरून मटकन खाली बसला. वैद्यबुवांनी चाचपून पाहिलं. "बरगडी मोडलीय. असेच उद्या घोड्यावर बसला असता, तर जिवावर बेतलं असतं."

सेनापतीचा चेहरा उतरला. हळू आवाजात त्याने विचारलं, "मग उद्या कसं करायचं, बाई?"

"दुखेल त्याला ओरडू द्या. त्याला उचलणाऱ्यांसाठी मी मंत्र करते. जखमी माणूस त्यांना फुलासारखा हलका वाटेल."

दुसऱ्या दिवशी खिंडीत लढाई जुंपली. कोणी ओरडला, की जोडीदार त्याला अलगद उचलून वैद्यबुवांकडे आणी, आणि ताजा गडी त्याची जागा घेई. खिंड काही पडली नाही. अखेर शत्रू कंटाळून माघारी फिरला.

तिन्हीसांजेला शिपाई उतारावरून परतू लागले. कोणी लंगडत, कोणी कुणाच्या पाठीवर. "हळू रे! दुखतंय ना!" "अरे, हात सांभाळ माझा!" अशी नुसती कुरकुर चालली होती. वेशीवर उभ्या असलेल्या आया त्या कुरकुरीतून आपापल्या लेकाचा आवाज ओळखत होत्या. एकीलाही रित्या हाताने परतावं लागलं नाही. बाई बाजूच्या दगडावर टेकली आणि कितीतरी वेळाने तिने मोकळा श्वास घेतला.

तात्पर्य एवढंच: दुखणं हा जिवाचा राखणदार असतो. त्याचं तोंड बंद करू नये, त्याची हाक ऐकून धावून जावं.