ताईच्या कपाळावरची आठी

एका गावात एक बहीण आणि एक भाऊ चुरमुऱ्याची भट्टी चालवत. एके वर्षी बहीण तापाने गेली आणि भट्टीपाशी भाऊ एकटा उरला.

तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. होतं ते तळहाताएवढं एक चित्र, जत्रेत एका चित्रकाराने पेन्सिलीने काढलेलं. तेराव्याला पाटावर तेच ठेवायचं ठरलं.

आदल्या दिवशी शेजारच्या मावशीने ते पाहिलं. "काय रे, ही तर रुसलेली दिसते. कपाळाला आठी, ओठ दाबलेले. गेलेल्या माणसाचं चित्र हसरं असावं बाबा, नाहीतर जीव अडकून राहतो."

आपण ताईला त्रासच दिला, चित्रातसुद्धा ती सुखात नाही, असं भावाला वाटलं. त्याने खोडरबर घेतलं आणि ओठांवर घासलं. एक कोपरा पुसला गेला.

तेवढ्यात ताईची मैत्रीण हारासाठी फुलं घेऊन आली.

"अरे, काय करतोस?"

"तिला हसरी करतोय, अक्का."

"तुला चित्र काढता येतं?"

"नाही."

"मग?"

तिने चित्र हातात घेतलं.

"हिचे डोळे कुठं बघतायत, सांग."

"वर."

"रुसलेलं माणूस वर बघतं होय? मी शेजारीच उभी होते. चित्रकार सारखा म्हणायचा, बाई, माझ्याकडे बघा. ही बघेल तर शपथ. माकडा, तू आकाशपाळण्यात उभा राहून हात सोडून नाचत होतास. तू खाली येईपर्यंत हिच्या जिवात जीव नव्हता."

भावाने पुसलेल्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाला, "ओठाचा कोपरा गेला."

"गेला," अक्का म्हणाली.

"दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ?"

"घे की. पण तो ताईचा नसेल."

भावाने खोडरबर चुलीत टाकलं. तेराव्याला चित्र तसंच पाटावर ठेवलं, त्याला हार घातला.

मावशी म्हणाली, "हसरी नाही केलीस?"

"नको मावशी," तो म्हणाला. "ती माझ्याकडे बघतेय. बघू दे."

तात्पर्य: माणूस कपाळाला आठी घालून कुणाकडे बघतंय, ते आधी विचारावं, पुसलेली माया पुन्हा काढता येत नाही.