फळीवरचा ससा

बर्फाच्या एका उंच डोंगराच्या पायथ्याशी देवदारांचे दाट जंगल होते, आणि त्या जंगलात एक ससा राहत असे. तसा तो सुखी होता. बीळ उबदार, बायको कामसू, दारापुढे हवे तेवढे गवत. पण त्याला एक खोड होती. कुठलीही गोष्ट घडायच्या आधीच तो ती मनात घडवून बघायचा, आणि मनातल्या त्या गोष्टीचा शेवट कधी म्हणजे कधी चांगला व्हायचा नाही. आभाळ भरून आले की याचे बीळ वाहून गेलेले असायचे. पाहुणे येणार म्हटले की याच्या घरचे गवत संपलेले असायचे. सशीण म्हणायची, "अहो, निदान घडू तरी द्या!" पण स्वभावाला औषध नसते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

एका शुक्रवारी कोल्ह्याने सगळ्यांना पाणवठ्यावर गोळा केले. आता जंगलात शुक्रवार कुठून आला, असे विचारू नका. पायथ्याच्या गावात शाळा होती. तिची घंटा शनिवार-रविवारी वाजत नसे, त्यावरून जनावरांनाही वार कळायचे. कोल्हा दगडावर चढून म्हणाला, "मंडळी, उद्या-परवा डोंगरावर सहल! देवदाराच्या सालीच्या फळ्या मी तयार करून ठेवल्या आहेत. फळीवर उभं राहायचं, दोन्ही पाय वेलीनं घट्ट बांधायचे आणि बर्फावरून घसरत खाली यायचं. अशी मजा आजवर आपल्यापैकी कुणी केलेली नाही!"

"दोन्ही पाय बांधायचे?" सशाने विचारले. त्याचा आवाज चिरकला.

"बांधायचेच. नाहीतर फळी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे."

"आणि थांबायचं झालं तर?"

"ससोबा, अजून निघालोही नाही, तोच तुम्हाला थांबायची घाई!" कोल्हा म्हणाला. "यायचं नसेल तर तसं सांगा. घर राखायलाही कुणीतरी हवंच."

सगळे हसले. खार तर हसता हसता फांदीवरून पडायचीच बाकी राहिली. सशाचे कान तापले. "येणार नाही असं मी कुठे म्हणालो?" तो बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्याला वाटले, हे आपल्या तोंडून कोण बोलले?

मुलांनो, सशाला कशाची भीती वाटत होती ते नीट समजून घ्या, म्हणजे तुम्ही त्याला हसणार नाही. वाघाला नखे असतात, हरणाला शिंगे, साळिंदराला काटे. सशाला काय, तर पाय. नदीपलीकडे एक लांडगा राहत होता आणि दर आठ-दहा दिवसांनी तो अलीकडे चक्कर मारायचा. ससा पळायचा, आणि पळता येत होते म्हणूनच आजवर जिवंत होता. मोडका पाय घेऊन तो डोंगरावरून परतला असता, तर लांडग्याला फार वाट पाहावी लागली नसती. ज्यांच्या बळावर जगायचे तेच दोन पाय आपण होऊन बांधून घ्यायचे, हेच त्याच्या मनातून जात नव्हते. सशिणीने मुळ्याच्या पाल्याची शिदोरी बांधून दिली आणि हळूच म्हणाली, "नाही जमलं तर नुसतं बसून राहा हो. त्यात लाजायचं काय?" सशाने आपले पाय एकदा चाटले आणि तो निघाला.

डोंगरावर एक म्हातारी याक राहत होती. तिचा जन्म बर्फात गेलेला. फळीवर उभे राहायला शिकवायचे काम कोल्ह्याने तिच्यावर सोपवले होते. तिने सगळ्यांना एका रांगेत उभे केले आणि ती म्हणाली, "फळीवर आडवं उभं राहायचं. एक पाय उताराच्या बाजूला, एक डोंगराच्या. पडणार तर तुम्ही आहातच, तेव्हा आधी पडायला शिका. पडताना हात टेकायचे नाहीत, मनगट जाईल. मुठी आवळून सरळ बूड टेकायचं. आणि एक ध्यानात धरा रे बाळांनो. भीती वाटली की अंग मागे जायला बघतं. जाऊ द्यायचं नाही. मागे रेललात की फळीचं नाक वर उठतं आणि मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. वजन उताराकडच्या पायावर टाका. खाली बघून धडकी भरते ना, तिकडेच झुका. तरच फळी वळते."

सशाने मान डोलावली. ऐकले मात्र त्याने निम्मेच. राहिलेला निम्मा वेळ तो उतारावरची झाडे मोजत होता. कोल्हा तर रांगेत आलाच नाही. "मला बघूनच येतं," असे म्हणत तो इतरांच्या वेली आवळत हिंडत होता.

शनिवारचा दिवस लहान उतारावर गेला. ससा उभा राहिला की पडायचा, पडला की उठायचा, आणि उठताना पुन्हा पडायचा. संध्याकाळी त्याची शेपूट भिजून चिंब झाली होती आणि बूड ठणकत होते. पण त्याने आपले पाय चाचपून पाहिले, दोन्ही शाबूत होते. एक दिवस पार पडला, एक राहिला, असे तो मनाशी म्हणाला. त्या विचारानेही त्याला बरे वाटले नाही, कारण जो राहिला होता तो मोठ्या उताराचा होता.

रविवारी दुपार कलता कलता सगळे मोठ्या उताराच्या माथ्यावर जमले. खाली पाहिले तर पांढरे मैदान ताटाएवढे दिसत होते. उताराच्या मध्यावर, जरा डावीकडे, एक एकटा देवदार उभा होता आणि त्याच्या बुंध्याशी काळे खडक होते. सशाला बाकी काही दिसेचना. "आधी तुम्ही," तो खारीला म्हणाला. खार गेली. "आधी तुम्ही," तो वानराला म्हणाला. वानर आरडाओरडा करत गेला. हरीण गेले, साळिंदर गेले, अखेर माथ्यावर याक, कोल्हा आणि ससा एवढेच उरले. "आधी तुम्ही," ससा कोल्ह्याला म्हणाला.

"छे छे, मी सर्वांत शेवटी. मागे कुणी राहिलं तर बघायला कुणी नको?" कोल्हा घाईघाईने म्हणाला. आपलेही पाय त्याने बांधून घेतले होते, पण तो बर्फावर फतकल मारून बसला होता.

आता कारण उरले नव्हते. सशाने डोळे मिटले, मग मिटून चालणार नाही हे आठवून उघडले, आणि फळी सोडली.

पहिली चार-पाच हात वाट ठीक गेली. मग वारा कानांत शिरला, आणि त्याची नजर काळ्या खडकांवर गेली. आता सशांच्या कुळात एक रीत आहे. भीती वाटली की मागे सरून दबकून बसायचे आणि संधी मिळताच उडी मारून पसार व्हायचे. त्याच्या आईने त्याला हेच शिकवले होते, आईला तिच्या आईने. या रीतीने लांडग्यापासून त्याला किती वेळा वाचवले होते. म्हणून त्याने काही विचार न करता तेच केले. तो मागे सरून दबकून बसला.

फळीचे नाक वर उठले आणि ती सुसाट सुटली. ससा उडी मारायला गेला, तर पाय बांधलेले! तो आणखी मागे रेलला, फळी आणखी बेफाम झाली. देवदार मोठा होत होत समोर आला. खडकांवरचे शेवाळ दिसू लागले. ससा मनात म्हणाला, "गेले पाय. आता लांडगा." त्याला सशीण आठवली आणि तो रडू लागला.

"पुढे!" माथ्यावरून याक ओरडली. "अरे बाळा, पुढे झुक! उताराकडे!"

सशाच्या अंगाचा कण न् कण मागे ओढत होता. जिकडे मरण दिसते आहे तिकडेच झुकायचे, हे कुणाला पटेल? त्यालाही पटले नाही. पण मागे रेलून काय होते ते तो पाहत होता. रडत रडतच त्याने दात आवळले आणि सगळे वजन उताराकडच्या पायावर टाकले. फळीचे नाक खाली आले, बर्फाला टेकले आणि ती वळली. देवदाराची एक फांदी त्याच्या कानाला घासून गेली. पुढे मैदानाच्या काठाला फळी मंदावली, तशी मुठी आवळून तो बूड टेकून बसला आणि थांबला.

सगळे धावत आले, याकही माथ्यावरून लगबगीने उतरून आली. "वा ससोबा! घाबरला नाहीत?" खारीने विचारले. सशाने नुसते पाय दाखवले. ते लटलट कापत होते, पण शाबूत होते.

इतक्यात माथ्यावरून कोल्ह्याचा आवाज आला, "अहो, कुणीतरी वर या! माझी फळी जरा बरोबर नाही!" फळीला काही झालेले नव्हते. पायांची वेल मात्र गोठून दगड झाली होती, सोडू म्हटले तर सुटत नव्हती, आणि घसरत खाली यायचा त्याला धीर होत नव्हता. ऊन डोंगराआड चालले होते. खारीला आता खरोखर हसू आवरेना. वानराने त्याची नक्कल करून दाखवली. ससा हसला नाही. बसल्या जागी नुसते बसून राहणे म्हणजे काय, हे त्याला चांगले ठाऊक होते. त्याने पायांची वेल सोडली आणि तो धापा टाकत वर चढू लागला.

वर पोचल्यावर ससा कोल्ह्यासमोर उताराच्या बाजूला उभा राहिला आणि त्याने आपले दोन्ही पंजे पुढे केले. सशाने आपण होऊन कोल्ह्याच्या हातात हात द्यावा, ही काही रोजची गोष्ट नव्हे. देताना त्याच्या काळजाचे पाणी झाले होते. पण कोल्ह्याचे पंजे हातात आले मात्र, आणि सशाला नवल वाटले. ते त्याच्या पंजांपेक्षा जास्त कापत होते.

"उभे राहा, कोल्होबा. आता माझ्याकडे झुका. अंग नको म्हणेल, तरी झुका."

"ससोबा," कोल्हा अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमची भीती गेली तरी कशी?"

"गेलीय कुठे?" ससा म्हणाला. "आहे की. तिला घेऊनच आलोय वर. झुका."

कोल्हा झुकला. मग ससा एकेक पाऊल मागे टाकत आणि कोल्हा त्याला घट्ट धरून, असे ते दोघे थरथरत खाली आले.

तात्पर्य : भीती सर्वांनाच वाटते, हसणाऱ्यालाही. तिच्यापासून मागे रेलणारा तिच्याच ताब्यात जातो, आणि कापत का होईना, तिच्याकडे झुकणाऱ्याला आपली वाट वळवता येते.