शिंपिणीची तीन पानं

फार जुन्या काळी उंबरावर शिंपीण पक्षीण राहायची. अंडी घालायचे दिवस जवळ आले, तरी तिचं घरटं होईना. पान शिवायला घेतलं की कापूस आठवायचा. कापसाला निघाली की मऊ गवत दिसायचं. तीन पानं अर्धवट टाचलेली आणि जीव टांगणीला.

रडकुंडीला येऊन ती फांदीवरच्या कोळ्याला म्हणाली, "कोळीदादा, मदत करा हो."

"पानं शिवणं मला कुठलं येतंय? शेजारी बसून माझं जाळं विणतो. तू उठलीस की विचारीन, कुठं चाललीस?"

शिंपीण दोनदा उठली, दोनदा ओशाळून बसली. संध्याकाळी घरटं तयार होतं.

"तुम्ही तर काहीच केलं नाहीत!" ती म्हणाली.

"माझंही जाळं आजच पुरं झालं," कोळी म्हणाला. "एरवी तुझी चोच दिसली, की अर्ध्यावर टाकून पळायचो. आज ती दिवसभर कामात होती."