हळदुलीच्या खोक्यातली ऊब

ऐका हं.

डोंगराच्या उतारावर सगुणाकाकूचं घर. घरात एक खोकं. खोक्यात मऊ मऊ भुसा. आणि भुशावर नऊ पिल्लं. कोंबडीची पिल्लं. कालच अंड्यांतून बाहेर आलेली.

त्यांच्याजवळ कोंबडी नव्हती. काकूनं अंडी यंत्रात उबवली होती. मग पिल्लांना ऊब कोण देणार? बल्ब देणार. खोक्यावर एक बल्ब टांगला होता. गोल, पिवळा, गरम गरम. पिल्लं बल्बखाली जायची, डोळे मिटायची, आणि गुडुप झोपायची.

सगळ्यांत धाकटी होती हळदुली. हळदीसारखी पिवळी, म्हणून हळदुली.

थंडीचे दिवस होते. त्या सकाळी गार वारा सुटला. सूं सूं सूं. वाऱ्यानं डोंगरावरची तार तुटली. लाईट गेली. बल्ब विझला.

भुसा गार झाला. खोकं गार झालं. पाय गार झाले.

"चिंव," हळदुली म्हणाली.

"चिंव चिंव चिंव," बाकीची आठ म्हणाली.

हळदुलीनं मान वर केली.

"बल्बदादा, बल्बदादा, लाग ना. आम्हाला ऊब मिळेना."

बल्ब म्हणाला, "मी आपला आपण कसा लागू, बाळा? अंगणात नवा जनरेटर आलाय. लाईट गेली की तोच घराला लाईट देणार. जनरेटर घुरघुरेल, तर मी लागेन."

खोक्याला एक भोक होतं. इवलंसं. हळदुलीनं त्यातून डोकं काढलं. एक पंख काढला. दुसरा पंख काढला. आणि पुळ्ळकन बाहेर पडली.

हळदुली निघाली. तुरु तुरु तुरु.

अंगणाच्या कोपऱ्यात जनरेटर उभा होता. मोठा, निळा, कपाटाएवढा. अंगावरचं प्लॅस्टिकही अजून काढलं नव्हतं.

"जनरेटरदादा, जनरेटरदादा,
बल्ब लागेना,
आणि आम्हाला ऊब मिळेना.
तू घुरघुर ना."

जनरेटर जाड आवाजात म्हणाला, "पोटात डिझेल आहे. अंगात जोर आहे. पण माझी तार घराला जोडलेलीच नाही. वायरमनमामा जोडतील, तर मी घुरघुरेन."

हळदुली निघाली. तुरु तुरु तुरु.

इस्माईलमामा भिंतीपाशी बसले होते. ते गावचे वायरमन. त्यांनी भिंतीवर नवी पेटी बसवली होती, लाईट आली-गेली ओळखणारी. पेटीत एक मोठा खटका होता. मामांच्या हातात तारेचं भेंडोळं होतं.

"मामा, मामा,
जनरेटर घुरघुरेना,
बल्ब लागेना,
आणि आम्हाला ऊब मिळेना.
तुम्ही जोडा ना."

मामा खाली वाकले.

"अगं, तार तयार आहे. पण जनरेटर पडलाय कोपऱ्यात. तो ओट्यावर बसला पाहिजे. भिवाआप्पा उचलून ठेवतील, तर मी जोडेन." मग मामांनी आपला खिसा उघडून दाखवला. "गारठलीस ना? ये, खिशात बस."

खिसा छान होता. लोकरीचा होता. हळदुलीनं खिशाकडं बघितलं. मग मान हलवली.

"मी एकटी नाही, मामा. आम्ही नऊ जण आहोत."

"मग जा बाई," मामा म्हणाले. "आप्पा तिकडं आहेत."

हळदुली निघाली. तुरु तुरु तुरु.

भिवाआप्पा गवंडी होते. जनरेटरसाठी त्यांनी सिमेंटचा ओटा बांधला होता. आठ दिवस त्यावर पाणी मारलं होतं. आता ओटा पक्का झाला होता. आप्पा आणि त्यांचे चार गडी दोर घेऊन नुसते बसले होते.

"आप्पा, आप्पा,
मामा जोडेनात,
जनरेटर घुरघुरेना,
बल्ब लागेना,
आणि आम्हाला ऊब मिळेना.
तुम्ही उचला ना."

आप्पांनी ओट्याकडं बोट केलं.

"तिथं कोण बसलंय बघ. ठिपकी शेळी. तिच्या पोटात बाळ आहे. अशा शेळीला ढकलायचं नसतं. ती आपण होऊन उठेल, तर आम्ही उचलू."

हळदुली निघाली. तुरु तुरु तुरु.

ओट्यावर कोवळं ऊन पडलं होतं. उन्हात ठिपकी बसली होती. पोट मोठं. कान लांब. ती रवंथ करत होती. चरक चरक चरक.

"ठिपकीताई, ठिपकीताई,
आप्पा उचलेनात,
मामा जोडेनात,
जनरेटर घुरघुरेना,
बल्ब लागेना,
आणि आम्हाला ऊब मिळेना.
तू ऊठ ना."

ठिपकीनं एक कान हलवला.

"उठून कुठं जाऊ? मला तहान लागलीय. पण माझी डोण कोरडी आहे. डोण भरेल, तर मी उठेन."

हळदुली निघाली. तुरु तुरु तुरु.

गोठ्याशी दगडाची डोण होती. शेळीनं पाणी प्यायची डोण. आत पाण्याचा थेंब नव्हता. नुसतं एक वाळलेलं पान.

"डोणबाई, डोणबाई,
ठिपकी उठेना,
आप्पा उचलेनात,
मामा जोडेनात,
जनरेटर घुरघुरेना,
बल्ब लागेना,
आणि आम्हाला ऊब मिळेना.
तू भर ना."

डोण पोकळ आवाजात म्हणाली, "मी का पाणी आणायला जाते? माझं पाणी विहिरीतून येतं. पंप चालेल, तर मी भरेन."

हळदुली निघाली. तुरु तुरु तुरु. आता पाय दुखत होते. वारा पिसांत शिरत होता. तरी तुरु तुरु तुरु.

विहिरीजवळ पत्र्याखाली पंप बसला होता. गप्प.

"पंपदादा, पंपदादा,
डोण भरेना,
ठिपकी उठेना,
आप्पा उचलेनात,
मामा जोडेनात,
जनरेटर घुरघुरेना,
बल्ब लागेना,
आणि आम्हाला ऊब मिळेना.
तू चाल ना."

पंप म्हणाला, "चाललो असतो गं. पण लाईट कुठाय? लाईट येईल, तर मी चालेन."

"लाईट कधी येईल?"

"जनरेटर घुरघुरेल तेव्हा."

हळदुलीनं मान वाकडी केली. जनरेटर? जनरेटरकडं तर ती सकाळीच गेली होती. जनरेटरनं मामांकडं धाडलं. मामांनी आप्पांकडं धाडलं. आप्पांनी ठिपकीकडं, ठिपकीनं डोणीकडं, डोणीनं पंपाकडं. आणि पंप म्हणतोय, जनरेटर.

एवढं चालली, आणि फिरून तिथंच आली.

ती विहिरीच्या कठड्याशी बसली. चोच छातीत खुपसली.

"कोण बसलंय गं तिथं?"

आवाज वरून आला. विहिरीवर एक जुना रहाट होता. रहाटाला पोहरा लटकत होता. विहिरीतून पाणी काढायचा लोखंडी पोहरा. पंप आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

हळदुली हळूच म्हणाली,

"पोहरेदादा, पोहरेदादा,
पंप चालेना,
डोण भरेना,
ठिपकी उठेना,
आप्पा उचलेनात,
मामा जोडेनात,
जनरेटर घुरघुरेना,
बल्ब लागेना,
आणि आम्हाला ऊब मिळेना."

आणि मग अगदी हळू विचारलं, "तुलापण लाईट लागते का?"

"मला?" पोहरा म्हणाला. "मला लाईट नाही लागत. मला लागतो एक दोर आणि लागतात दोन हात. माझा दोर काकूच्या घरात आहे. हातही काकूचेच. काकू ओढेल, तर मी पाणी आणेन."

हळदुली उठली. पाय दुखायचे थांबले नव्हते. पण ती पळाली. तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु, थेट घरात.

काकू खोक्याजवळ बसली होती. दोन्ही हातांनी तिनं खोक्यावर गोधडी धरली होती. तंबूसारखी. आत आठ पिल्लं कुडकुडत होती.

"अगं हळदुले," काकू म्हणाली, "तू बाहेर कधी गेलीस?"

हळदुलीनं श्वास घेतला.

"काकू, काकू,
पोहरा उतरेना,
पंप चालेना,
डोण भरेना,
ठिपकी उठेना,
आप्पा उचलेनात,
मामा जोडेनात,
जनरेटर घुरघुरेना,
बल्ब लागेना,
आणि आम्हाला ऊब मिळेना.
तू ओढ ना."

काकूनं सगळं ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं.

"ओढते की," ती म्हणाली. "पण मी उठू कशी? गोधडी जड आहे. सोडली तर पिल्लांच्या अंगावर पडेल. बाजूला काढली तर वारा आत शिरेल. मी येईपर्यंत यांची ऊब कोण धरेल? कुणी धरेल, तर मी उठेन."

आता कुणाकडं जायचं? हळदुलीनं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. सगळ्यांकडं जाऊन झालं होतं. आता कुणी उरलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "मी धरेन."

"तू? एवढीशी?"

"मी एकटी नाही, काकू. आम्ही नऊ जण आहोत."

आणि हळदुली भोकातून आत गेली. डोकं, एक पंख, दुसरा पंख, पुळ्ळकन.

"जवळ या," ती भावंडांना म्हणाली. "आणखी जवळ. तुझा पंख माझ्यावर. माझा पंख हिच्यावर. हिचा पंख त्याच्यावर. आता हलू नका."

पिल्लं जवळ आली. आणखी जवळ आली. नऊ पिल्लांचा एक गोळा झाला. मऊ, पिवळा गोळा. अगदी मधोमध थोडीशी ऊब होती. चमचाभर. पण होती.

काकूनं गोधडी बाजूला ठेवली. दोर घेतला. आणि ती गेली.

पिल्लांना बाहेरचं दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. हळदुली ऐकत होती.

करकर करकर करकर.

"काकू दोर सोडतेय," हळदुली म्हणाली. "पोहरा उतरला."

बुडुक. करकर करकर. सळळळळ.

"पोहऱ्यानं पाणी आणलं. डोण भरली."

एक पोहरा. दोन पोहरे. तीन पोहरे. मग खुरांचा आवाज. टप, टप, टप. सावकाश. मग सुर्र सुर्र सुर्र.

"ठिपकी उठली. पाणी पितेय."

"चला रे, धरा," आप्पांचा आवाज आला. "हळू. भिंतीला लागू देऊ नका. हां. आता खाली." धप्प.

"आप्पांनी जनरेटर ओट्यावर ठेवला."

किरकिर, किरकिर. मामा स्क्रू पिळत होते. किरकिर, किरकिर. बराच वेळ किरकिर. बाहेर वारा होता. सूं सूं सूं. एका पिल्लाचे पाय कापायला लागले. हळदुलीनं त्याला आत घेतलं, अगदी मधे, आणि आपण कडेला बसली.

"झालं," मामा म्हणाले. "खटका ओढतो हं, काकू."

खट.

घुर्र... घुर्र...

आणि मग काहीच नाही. पिल्लं थांबली. हळदुली थांबली. वारासुद्धा जरा थांबला.

"पहिलीच वेळ आहे त्याची," मामा म्हणाले. "परत ओढतो."

खट.

घुर्र... घुर्र... घुर्रर्रर्रर्रर्र.

जनरेटर घुरघुरला. तारेतून लाईट आली. भिंतीवरच्या पेटीत आली. पेटीतून घरभर गेली. पंप चालला. स्वयंपाकघर उजळलं. आणि खोक्यावरचा बल्ब...

टुप.

बल्ब लागला.

गोल, पिवळा. आधी कोमट. मग गरम. मग गरम गरम.

भुसा उबदार झाला. खोकं उबदार झालं. पाय उबदार झाले. पिल्लांचा गोळा हळूहळू सुटला. एकानं पाय ताणले. एकानं पंख पसरला. एक तर बसल्या बसल्याच झोपलं.

काकू आली. तिचे हात ओले होते, गार होते. तिनं ते पदराला पुसले, बल्बपाशी धरून गरम केले, आणि मगच हळदुलीला उचललं.

"धरलीस गं ऊब," ती म्हणाली.

"धरली," हळदुली म्हणाली. तिला फार झोप आली होती.

काकूनं तिला बल्बखाली ठेवलं. बरोबर बल्बखाली, सगळ्यांत गरम जागी.

संध्याकाळी डोंगरावरची तार जोडली गेली. गावात लाईट आली. भिंतीवरच्या पेटीला ते आपोआप कळलं. खट. जनरेटर गप्प झाला. पण बल्ब विझला नाही. डोळा मिचकावावा तसा एकदाच लुकलुकला, आणि लागलेलाच राहिला.

हळदुलीनं एक डोळा उघडला. वर बल्ब होता. शेजारी आठ जण होते. तिनं डोळा मिटला.

खोकं झालं उबदार, गोष्ट झाली पार.