सुगरणीचे चाळीस साक्षीदार

फार मागची गोष्ट, पाखरं कचेरीत जायची तेव्हाची. सुगरणीनं खाली दार असलेलं घरटं विणलं. सापाला काही आत शिरता येईना. आपल्याला विचारल्याशिवाय कुणी तसं बांधू नये, म्हणून ती हक्क नोंदवायला कचेरीतल्या कासवाकडे गेली.

"युक्ती स्वतःची आणि नवी असेल तरच हक्क मिळतो, बाई. तुझीच कशावरून?"

"अहो, गेल्या साली वास्तुशांतीला चाळीस पाखरं जेवली! सगळ्यांना विणून दाखवलं. विचारा की!"

चाळीसही जणांनी तशी साक्ष दिली. कासवानं लिहून घेतलं.

"युक्ती तुझीच, शंका नाही. पण वर्षापूर्वीच चाळीस जणांनी पाहिलेलं नवं कसं म्हणू? हक्क नाही मिळणार."

बाहेर कावळा थांबलाच होता. "सुगरणताई, आता तुझी परवानगी नको ना? मग ते दार जरा पुन्हा विणून दाखव की."